चुलीमागं एक वाटा

नागपूरहून कोल्हापूरला जायचं म्हणजे राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं. गाडीत काय घडलं ते लिहीत नाही, कारण काही घडलंच नाही. खालचा बर्थ मिळूनही माझा गुडघा दुखायचा तो दुखलाच. मिरज मागे पडल्यावर दोन्ही अंगांना ऊस दिसायला लागला आणि मी बॅगेची चेन लावून बसलो.

मी काही हौसेनं निघालो नव्हतो. माझा भाचा अजित पुण्यात असतो, त्यानं मला या वयात कामाला लावलं होतं. त्याची आई म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. नवरा फार लवकर गेला, तेव्हा ती लहानग्या अजितला घेऊन कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत आमच्या वडिलांच्या घरी आली आणि तिथलीच झाली. मी त्याच घरात जन्मलो आणि नोकरी लागल्यावर जो नागपूरला गेलो तो तिकडचाच झालो.

"मामा, गल्लीत आता आपलं कोणी उरलेलं नाही," अजित फोनवर म्हणाला होता. "सगळे बाहेरचे आलेत. माडीवर तर तिनं बिहारी भाडेकरू ठेवलेत. उद्या तिला काही झालं तर बघणार कोण? माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तिला पुण्याला घेऊन या."

अक्कानं माझं शेवटचं कधी ऐकलं होतं ते मला आठवत नाही. पण नाही म्हणायचाही कंटाळा आला होता. अजितनं परतीची रविवारची दोन तिकिटं काढून मोबाईलवर पाठवली. तिचं पुण्यापर्यंतचं, माझं नागपूरचं.

बुधवार, शुक्रवार पेठ

स्टेशनवर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठलं पावणं?"

मी म्हणालो, मी इथलाच, शुक्रवार पेठेतला. त्यानं आरशातून माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि लांबच्या रस्त्यानं नेलं ते नेलंच.

गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि क्षणभर वाटलं, चुकीच्या ठिकाणी आलो. न्हाव्याच्या दुकानाच्या जागी मोबाईल दुरुस्ती. तालमीच्या भिंतीला लागून मोमोची गाडी, ती चालवणारं जोडपं नेपाळचं आणि गाडीभोवती उभी असलेली गिऱ्हाइकं म्हणजे आपलीच पोरं, चटणी तिखट नाही म्हणून त्या बाईशी हुज्जत घालणारी. हार्डवेअरचं दुकान राजस्थानच्या माणसाचं. सुताराच्या दुकानात आता बंगाली कारागीर बसतात. खिडकी उघडी होती म्हणून वाकून बघितलं. चार-पाच तरुण मांडी घालून, नाकाशी चिमटा धरून, साजाची इवली इवली पानं घडवत होते. कोल्हापुरी साज, ज्यावाचून इथल्या जुन्या बाईचा गळा पुरा होत नाही, तो आता बर्दवानकडची पोरं घडवतात. त्यांतल्या एकानं मान वर न करता विचारलं, "काय पायजे काका?" मी काही नको म्हणालो.

आणि कुलपं. एकाआड एक घराला कुलूप. आमच्या वेळची घरं कळंब्याला, फुलेवाडीला फ्लॅटमध्ये गेली, जिथं गाडी लावायला जागा मिळते. त्यांची मुलं पुण्याला, बंगळूरला गेली. अजितचं म्हणणं खरं होतं, हे मला गल्लीत शिरल्या शिरल्या पटलं आणि बरंच वाटलं. माणूस दमलेला असला की दुसऱ्याचं खरं ठरणं त्याला सोयीचं पडतं.

अक्का उंबऱ्यातच बसली होती. "आलास? गुडघा काय म्हणतोय?"

"दुखतोय."

"माझं दोनी दुखत्यात. बस." मग चहाचा कप पुढं करत म्हणाली, "अजितनं पाठिवलंय न्हवं तुला? मी न्हाय म्हणत न्हाय. येतो मी."

नागपूरकडच्या वाचकांसाठी सांगतो, कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. कानाला सवय होईपर्यंत गंमत वाटते, सवय झाली की 'येते' ऐकलं तर ती बाई परकी वाटते.

"पर शुक्कारी गल्लीचं पाणी हाय टेंबलाईला," अक्का म्हणाली. "ते झाल्याबिगार मी हलत न्हाय."

ती इतक्या सहज कबूल झाली की मला संशय आला. आतल्या खोलीत जाऊन बघितलं, तर बॅग फळीवर होती आणि तिच्यावर धूळ होती.

पाण्याचं म्हणजे असं. आषाढात, इथल्या बोलीत आकाडात, पंचगंगेला नवं पाणी येतं. मंगळवारी नाहीतर शुक्रवारी एकेक गल्ली आपली वेळ धरून ते पाणी कळशांत भरते, कळशा पोरीबाळींच्या डोक्यावर देते आणि सनई-ढोलाच्या तालावर गाव पालथं घालून टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन देवीच्या पायरीवर ओतते. त्या वाद्याला इथं 'पी ढबाक' म्हणतात आणि ते तसंच वाजतं. संध्याकाळी देवीच्या नावाचं बकरं गल्लीत शिजत नाही, ते वाटलं जातं. कच्च्या मटणाचे सारखे वाटे घालायचे आणि ज्यांनी वर्गणी दिली त्या प्रत्येक घरी एकेक पोचवायचा. श्रीमंताला जास्त नाही, गरिबाला कमी नाही. नागपुरात आमच्या इमारतीत गणपतीच्या दिवशी प्रसादाचे डबे लिफ्टपाशी टेबलावर ठेवतात आणि ज्यानं त्यानं आपला उचलायचा. कुणाचा राहिला हे रखवालदाराला कळतं, आम्हाला नाही.

चहा संपायच्या आत माडीवरून पायांचा धप धप आवाज आला. अक्कानं शेजारची लांब काठी उचलली आणि बसल्या जागेवरून छताच्या तक्तपोशीला दोनदा ठोकली. वरचा आवाज थांबला.

"हे काय?"

"रिंकू हाय वर. ती इचारालती, ठीक हाय का. मी सांगितलं, हाय."

माडीवरचं कुटुंब बिहारातल्या छपऱ्याकडचं. उमेश कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यात जातो, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. बायको रिंकू. मुलगी खुशी, चौथीत. रिंकूला मराठी समजतं, बोलायला लाजते. खुशी मात्र थोड्या वेळानं दारात आली आणि मला म्हणाली, "आजोबा, तुमी अक्काला न्यायला आलाय व्हय? मग आमी कुनाला इचारायचं, रथसप्तमीला दूध उतू जाऊ दे का म्हणून?"

मी म्हणालो, दूध उतू जाण्याचं विचारत नाहीत. ती म्हणाली, "इचारत्यात की."

गंगावेस

संध्याकाळी अक्कानं मला घराबाहेर काढलं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. ते दूध प्यायल्याशिवाय कोल्हापूरला जाऊन आलो असं म्हणू नये. पूर्वी इथं म्हशींची रांग असायची, वाट काढावी लागायची. आता म्हशी थोड्याच होत्या आणि मोटारसायकली जास्त.

धार काढणारा गडी साठीच्या अलीकडचा, आडव्या अंगाचा. त्यानं पेला दिला. "घ्या पावणं. कुठनं आलासा?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. तो हसला. "व्हय काय? मग अक्काचं भाऊ तुमी. मग घ्या की आजून एक. मी दिलीप, तालमीचा अध्यक्ष. शुक्कारी हायसा न्हवं?"

दिलीपचा मुलगा कागललाच कामाला जातो. "पोरगं म्हणतंय, शेण कोण काढणार. तिथं दिसभर भट्टीम्होरं उभं ऱ्हातंय, ते चालतंय." त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "आनि भट्टीवर संगट कोण, तर सगळी बिहार, ओडिशाची. आपली पोरं लई थोडी. घरी येऊन हिंदी बोलतंय माझ्याशी."

पोट दुधानं भरलं. गुडघा दुखतच होता. परत येताना मी तीन वेळा बसलो.

गुरुवार, तालीम

दुसऱ्या दिवशी सायंकाळी तालमीत बैठक होती. अक्का गेली म्हणून मला जावं लागलं. लाल माती, तुपाचा वास, भिंतीवर जुन्या पैलवानांचे फोटो. आखाड्यात घामानं भिजलेली दोन पोरं होती. ती हरियाणाची, असं कुणीतरी सांगितलं.

विषय वाट्याचा होता. गल्लीतून कळंब्याला गेलेली घरं या दिवशी मोटारसायकलवरून येतात, वर्गणी देतात आणि वाटा पिशवीत घालून जातात. गल्लीत राहणारे नवे लोक मात्र आजवर या हिशेबात नव्हते. यंदा कळशा उचलायला पोरीच पुरेना झाल्या, तेव्हा दिलीपनं बंगाल्यांच्या, नेपाळ्यांच्या, रिंकूच्या घरी जाऊन पोरी मागितल्या होत्या. त्यांनी पोरीही दिल्या आणि वर्गणीही.

"मग वाटा द्यायला पायजे," दिलीप म्हणाला. "ज्याची चूल हितं पेटती त्याला वाटा. चुलीमागं एक. एका खोलीत आठ जण जेवूद्यात न्हायतर एक."

"आनि आमी?" कळंब्याहून आलेला एक जण उठला. "आमची चार पिढ्याची गल्ली हाय ही. आमची चूल कळंब्यात पेटती म्हणून आमी भाईरचं काय?"

"तुमाला हायच की. तुमचं काढून देत न्हाय कुनाला. पर ह्यांचं बी धरायचं."

"देवीचं हाय, दिलप्या. त्यास्नी काय ठावं त्यातलं?"

बराच वेळ आवाज चढत राहिले. कोल्हापुरात भांडण आणि बोलणं यांतला फरक लांबून कळत नाही, त्यामुळं मी मध्ये पडलो नाही. शेवटी दिलीप म्हणाला, "मी जबाबदार. माझ्या शब्दावर धरा," आणि ते मिटलं. उठता उठता मी थट्टेनं विचारलं, "आणि माझा वाटा?"

"तुमी पावणं की," दिलीप प्रेमानं म्हणाला. "तुमचं अक्काच्या ताटात."

हसलो मी. पण घरापर्यंत ते मनातून गेलं नाही. बैठक चालली होती त्या तालमीच्या पायरीवरच मी चालायला शिकलो, असं आई सांगायची.

शुक्रवार, टेंबलाई

सकाळी आभाळ भरलेलं होतं आणि पाऊस येता येता राहत होता. घाटावर कळशा भरल्या, त्यांना हळदकुंकू लागलं, तोंडाशी कडुलिंबाचे डहाळे आले. खुशीनं परकर-पोलकं घातलं होतं, ते अक्कानं कुणाकडून तरी आणलं होतं. बंगाली कारागिराची मुलगी तिच्या मागं, नेपाळ्यांची दोन तिच्या पुढं. ढोलावर टिपरी पडली. "टेंबलाईच्या नावानं चांगभलं," अशी आरोळी उठली आणि आम्ही निघालो.

मी रिक्षानं जाणार होतो. अक्का चालत निघाली म्हटल्यावर मलाही चालावं लागलं. तिच्या एका बाजूला रिंकू होती, अनवाणी, पदर डोक्यावर. उभ्या रस्त्यात ती एकदाही दमलेली दिसली नाही. मी विचारलं, पाय दुखत नाहीत का, खडे टोचत नाहीत का.

"आदत है बाबूजी," ती म्हणाली. "हमारे यहाँ भी सावन में जल उठाते हैं। गंगाजी से भरते हैं, कंधे पर, पैदल, दिनों तक। शंकरजी को चढ़ाते हैं। यहाँ तो पास ही है।"

जवळच म्हणे. मी दर दुकानाच्या पायरीवर टेकत होतो. मला तिच्या बोलण्यातलं 'पैदल' तेवढं ऐकू आलं. दुसरा एक शब्द ऐकायला हवा होता, पण चालण्यानं जीव मेटाकुटीला आला होता आणि नुसती मान डोलावली.

टेकडीवर पोरींनी पायरीवर पाणी ओतलं. खुशीनं कळशी रिकामी करून उलटी धरली, आत काही राहिलंय का बघितलं आणि आईकडं धावत गेली. अक्का तिच्याकडं बघत होती. एवढी खूश मी तिला बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती आणि परवा मी हिला इथून उचलून नेणार, हे आठवून मला ओशाळल्यासारखं झालं.

शुक्रवार, संध्याकाळ

गल्लीत ताडपत्री अंथरून मटणाचे ढीग लावले होते. दिलीप स्वतः उकिडवा बसून या ढिगातलं त्या ढिगात, त्या ढिगातलं या ढिगात करत होता. कलेजी सगळ्यांना, नळी सगळ्यांना. एकेका नावाचा पुकारा होत होता आणि तालमीची पोरं पानात बांधलेला वाटा दारोदार नेत होती. कळंबेकर पिशव्या धरून उभे होते.

"अक्काच्या माडीवर, उमेश," असा पुकारा झाला. पहिल्यांदाच त्या नावाचा झाला. पोरगा जिना चढला. आम्ही खाली ओट्यावर बसलो होतो. वर दार उघडल्याचा आवाज आला, मग रिंकूचं दबक्या आवाजात काहीतरी, आणि मग दार लागल्याचा. जोरात.

पोरगा पान तसंच घेऊन खाली आला. "घेईना," तो म्हणाला. "नाकाला पदर लावला आनि दारच लावलं."

कळंब्याचा तो कालचा गृहस्थ पिशवी हलवत म्हणाला, "मी काय म्हणलो व्हतो काल?"

दिलीप उठला. त्याचे हात कोपरापर्यंत भरलेले होते. ओट्यासमोर येऊन तो अक्काशी बोलला, पण ओरडून नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटली. "अक्का, मी सगळ्यांच्या म्होरं माझ्या शब्दावर ह्यांची चूल धरली. आनि हिनं देवीच्या परसादाला दार लावलं. आता तुमीच सांगा. गल्ली मला इचारालीया, असली माणसं हितं कशाला?"

"माडी मोकळी करा," मागून कुणीतरी म्हणालं.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की माझं काम झालं. भाडेकरू गेले की अक्काला इथं राहायला कारणच उरणार नव्हतं. मग तिच्याकडं बघितलं. ती काठी दोन्ही हातांत धरून बसली होती.

"माडी मोकळी करतो मी," अक्का हळू म्हणाली. "मग मी ठोकू कुनाला?"

रस्त्यात मला ऐकू न आलेला शब्द तेव्हा माझ्या डोक्यात आला. सावन. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. गुरुपौर्णिमा होऊन गेली होती. आपल्या घरी अजून आषाढ होता, मटणाचा, आणि माडीवर श्रावण लागला होता. नागपुरात आमच्या इमारतीत निम्मे लोक हिंदी मुलखातले आहेत. दर वर्षी आपल्याआधी पंधरा दिवस त्यांच्या घरातून कांदा-लसणीचा वास यायचा बंद होतो, ते मला माहीत होतं. मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी समोरच्या दारातून गंगव्वा खाली उतरली.

गंगव्वा म्हणजे समोरच्या किराणा दुकानाची मालकीण, लिंगायत, माहेर निपाणीकडचं, अक्काच्या वयाची. बोलताना मध्येच कानडीत शिरते. तिच्या हातात तिचा वाटा होता.

"दिलीप, हे काय हाय रे माझ्या हातात?"

"नारळ हाय, अव्वा."

"मटण का न्हाई?"

"तुमी खात न्हाईसा म्हणून."

"माझी सासू होती तवापासनं आमच्या घराला नारळच येतो. देवीला पाणी आमी वाहतो, वर्गणी आमी देतो, मटण खात न्हाई. परसाद नाकारला म्हणून आमची माडी कोन मोकळी केली का?" तिनं जिन्याकडं बोट केलं. "सकाळी माझ्या दुकानात तिनं बेलाची पानं इचारली. मी म्हटलं, अजून श्रावण कुठं गं, यव्वा? ती म्हणली, आमचा लागला. शंकराचा महिना चाललाय तिचा आनि तू रक्ताचं पान घेऊन दारात. दार न्हाई लावणार तर काय करणार?"

दिलीप स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. जिन्यावर खुशी येऊन उभी होती, तिच्यामागं रिंकू, रडून लाल झालेली.

"मग आदी सांगायचं की गं," दिलीप खुशीला म्हणाला.

"तुमी इचारलंच न्हाय की," खुशी म्हणाली.

पहिल्यांदा गंगव्वा हसली, मग ताडपत्रीजवळचे. दिलीपनं नळावर जाऊन हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. मग स्वतःच्या घरात गेला, नारळ आणि गुळाचा खडा घेऊन आला आणि जिना चढून रिंकूच्या ओंजळीत दिला. तिनं तो कपाळाला लावला. दिलीपही मग कपाळाला हात लावून उतरला, बहुधा काय करावं ते न सुचून.

"आनि ह्या वाट्याचं काय?" पोरगा अजून ते पान धरूनच उभा होता.

"पावण्यास्नी द्या," दिलीप म्हणाला.

मी जिथं जन्मलो त्या गल्लीत माझी चूल नव्हती. म्हणून छपऱ्याच्या माणसाच्या चुलीचा वाटा मला मिळाला. अक्कानं त्याचा तांबडा रस्सा केला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी तो ओरपला आणि ते पाणी कशाचं हे कुणी विचारलं नाही.

शनिवार

अक्कानं बॅग फळीवरून काढली नाही. मीही आठवण केली नाही. दुपारी दिलीप दूध घेऊन आला आणि ओट्यावर टेकला.

"अक्का, पावणं तुमाला न्याला आल्यात, असं खुशी म्हणालती. एक इचारू? फुडल्या आकाडाला तुमची चूल धरू का नको?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. तो प्रश्न तिला होता, पण उत्तर ती माझ्या तोंडावर शोधत होती. मी खाली बघितलं.

"धर," ती म्हणाली.

तो गेल्यावर मी विचारलं, "अजितला काय सांगू?"

"सांग, चूल धरलीया म्हणून."

"त्याला कळणार नाही ते."

"मग समजावून सांग. शिकलेला हाईस न्हवं?" मग बराच वेळ ती निवडलेल्या भाजीच्या काड्या गोळा करत बसली. माझ्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून अक्का माझ्याशी असं बोलायचं टाळत होती. आज नाही टाळलं. "तुला काय झालं तर तू कुनाला ठोकतोस रं तिकडं?"

मी फॅनकडं बघत राहिलो. आमची इमारत सात मजल्यांची. मी चौथ्यावर. वर कोण राहतं ते मला माहीत नाही, खाली कोण राहतं तेही नाही. समोरच्या दारातून एक बाई रोज सकाळी स्कूटरची किल्ली शोधत बाहेर पडते, एवढंच ठाऊक.

"न्हाय न्हवं कोण?" अक्का म्हणाली. "आनि तू मला न्यायला आलास."

परतीची वाट

रविवारी माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिच्यावर अक्कानं दिलेला डबा ठेवला, अजितसाठी सुकं मटण. माझ्यासाठी गंगव्वानं आपल्या नारळाचं अर्धं खोबरं आणि गूळ कागदात बांधून दिला होता. "परसाद हाय, शेजारच्या दारात वाटायचा," तिनं बजावलं होतं, "एकट्यानं खायचा न्हाई."

पुण्याच्या फलाटावर अजित उभा होता. आईचे गुडघे दुखतात म्हणून त्यानं चाकाची खुर्चीही आणली होती. मी डबा त्याच्या हातात दिला. त्यानं माझ्यामागं बघितलं, मग परत माझ्याकडं.

"आई कुठंय?"

"घरी."

"मामा, तिथं तिचं कोण आहे?"

समजावून सांगायचं होतं. पंचांगाचं, नारळाचं, वाट्याचं. गाडी थोडाच वेळ थांबते आणि माझ्या अंगात त्राण नव्हतं. "वर ठोकलं की उतरून येतात," एवढं बोललो. तो रिकामी खुर्ची धरून उभा राहिला आणि गाडी हलली. त्याला पुन्हा फोन करून सविस्तर सांगितलंय. पटलंय असं वाटत नाही, पण आईला तो पंधरा दिवसांनी भेटायला जाणार आहे आणि या वेळी तिला न्यायला नाही.

नागपूरला पोचलो तेव्हा सकाळ होती. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या. अंग मोडून आलं होतं, झोपायचं होतं. बॅगेतून ती कागदाची पुडी निघाली. खोबऱ्याच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या, आणखी एक दिवस ते टिकलं नसतं.

मी चाकूनं तुकडे केले, गूळ फोडला, बशीत घातले आणि समोरच्या दाराची घंटी वाजवली. किती वर्षं त्या दारासमोरून जातोय आणि तिथं नावाची पाटी नाही हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

"कौन?" आतून बाईचा आवाज आला.

माझं नाव सांगून काही उपयोग नव्हता. ते तिला माहीत नव्हतं.

"सामने रहता हूँ," मी म्हणालो आणि बशी दोन्ही हातांत धरून उभा राहिलो.